न दिसलेला ठोसा

बंगळूर शहराच्या दक्षिणेस बसवनगुडी नावाची जुनी वसाहत आहे. तेथील अखंड शिळेत कोरलेला भव्य नंदी आणि कार्तिकातील शेवटच्या सोमवारी त्याच्या देवळाभोवती भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा यांसाठी ती वसाहत प्रसिद्ध आहे. विज्ञानप्रेमी वाचकांना ती आणखी एका कारणाने परिचित असेल. याच ठिकाणच्या नॅशनल कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये ‘बंगलोर सायन्स फोरम’ ही व्याख्यानसंस्था सुरू केली आणि विज्ञानातील प्रश्न सामान्य श्रोत्यांपुढे मांडण्याचा प्रघात पाडला. प्रस्तुत लेखातील प्रश्न त्या व्यासपीठाला शोभेल असाच आहे आणि तो उपस्थित करणारा विद्यार्थीही त्याच परिसरातील आहे. त्याचे नाव अनिल कुंबळे.

कुंबळे बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कूलमध्ये व पुढे नॅशनल कॉलेजात शिकले आणि नंतर यंत्र-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. १९९० ते २००८ या काळात त्यांनी १३२ कसोटी सामन्यांत ६१९ बळी घेतले. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर पाकिस्तानच्या दुसऱ्या डावातील दहाही गडी त्यांनी ७४ धावांत बाद केले. हे सर्व घडत असताना त्यांच्यावर एक आक्षेप मात्र अखेरपर्यंत घेतला जात होता. लेगस्पिन टाकणाऱ्याचा चेंडू टप्पा पडल्यावर वळला पाहिजे, आणि यांचा चेंडू तर फारसा वळत नाही! आक्षेप निराधार नव्हता. त्यांचा चेंडू खरोखरच इतर नामांकित फिरकी गोलंदाजांच्या मानाने कमी वळे. मग एवढे बळी आले कोठून?

हाच प्रश्न मुष्टियुद्धात अधिक उघड्या स्वरूपात पुढे येतो. तेथे ‘ठोशातील ताकद’ हा गुण इतका डोळ्यांत भरणारा असतो की, प्रतिस्पर्ध्यास जमिनीवर लोळविणाऱ्या प्रत्येक योद्ध्याच्या अंगी तो असलाच पाहिजे, असे प्रेक्षक गृहीत धरतात. परंतु मुष्टियुद्धाच्या नोंदवह्या चाळल्या तर काही विलक्षण नावे आढळतात. जाणकारांनी ज्यांच्या ठोशाला कधीच असामान्य म्हटले नाही, अशा योद्ध्यांनीही आपल्या बहुतेक लढती निकालाच्या घंटेपूर्वीच संपविल्या आहेत. क्रिकेटमधील कोडे आपल्या वाचकांच्या ओळखीचे असले, तरी त्याची उकल मुष्टियुद्धाच्या मार्गाने गेल्यास सोपी होते. म्हणून प्रथम तिकडे वळू.

प्रारंभी आकडे काय सांगतात ते पाहावे. अमेरिकेचे जॉर्ज फोरमन यांनी व्यावसायिक कारकिर्दीत ७६ लढती जिंकल्या आणि त्यांपैकी ६८ नॉकआउटने जिंकल्या. म्हणजे शंभरातून सुमारे एकोणनव्वद. फोरमन यांच्या ठोशाच्या प्रचंड ताकदीविषयी कोणास शंका नव्हती, तेव्हा या आकड्यात नवल नाही. आता मुहम्मद अली यांच्याकडे पाहा. चपळ पाय आणि झपाट्याचा डावा हात यांसाठी ते ओळखले जात. एका घावात प्रतिस्पर्ध्याला संपविणारा योद्धा अशी त्यांची ख्याती नव्हती. तरीही त्यांच्या ५६ विजयांपैकी ३७ नॉकआउटचे आहेत. वेल्सचे जो कॅल्झागी २००९ मध्ये निवृत्त झाले ते एकही पराभव न पत्करता. त्यांचे हात नाजूक होते, वारंवार दुखावत, आणि टीकाकार त्यांच्या ठोशांना थपडा म्हणून हिणवीत. त्यांच्या ४६ विजयांत ३२ नॉकआउट आहेत. युक्रेनचे वासिल लोमाचेंको यांनी १८ विजयांपैकी १२ असेच मिळविले. सुमारे दोन तृतीयांशाचे हे प्रमाण हलक्या हाताच्या माणसांकडून अपेक्षित असलेल्या प्रमाणापेक्षा बरेच मोठे आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. ‘नॉकआउट’ या एका शब्दाखाली नोंदवहीत अनेक भिन्न घटना एकत्र येतात. प्रतिस्पर्धी पडला आणि दहा अंक मोजून होईपर्यंत उठू शकला नाही, हा त्यांतील एक प्रकार. तो उभा आहे, परंतु स्वतःचा बचाव करू शकत नाही असे पाहून पंचाने लढत थांबविली, हा दुसरा. दोन फेऱ्यांमधील विश्रांतीत तो किंवा त्याचा शिक्षक ‘आता पुरे’ म्हणाला, हा तिसरा. व्यावसायिक नोंदींत या तिन्हींची गणना सामान्यतः एकाच रकान्यात होते. शिवाय कारकिर्दीच्या आरंभी योद्ध्यापुढे बहुधा दुबळे प्रतिस्पर्धी उभे केले जातात, त्यामुळेही आकडा फुगतो. म्हणजे नॉकआउटचे प्रमाण हे ठोशाच्या ताकदीचे माप नाही. लढत किती वेळा मुदतीपूर्वी संपली एवढेच ते सांगते. परंतु एवढ्याने कोडे सुटत नाही. सबळ प्रतिस्पर्धीही हलक्या हाताच्या योद्ध्यांपुढे कोसळले आहेत, आणि त्याचे कारण शरीरात शोधावे लागते.

मनुष्य ठोशाने बेशुद्ध होतो म्हणजे नेमके काय होते? कवटीला जोराचा धक्का बसला की मेंदू हादरतो, हे उत्तर अर्धवट आहे. १९४१ मध्ये डेनी-ब्राउन व रिची रसेल या वैद्यकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. डोके हलू शकेल असे मोकळे असता ज्या आघाताने शुद्ध जाई, तसाच आघात डोके पक्के धरून ठेवले असता सहसा तो परिणाम घडवीत नसे. म्हणजे आघाताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व डोक्याच्या एकाएकी झालेल्या हालचालीला होते. दोन वर्षांनी ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी पुढचे पाऊल टाकले. कवटीच्या आकाराच्या साच्यात त्यांनी जिलेटिनचा मेंदू बसविला आणि साच्यास निरनिराळ्या प्रकारे गती दिली. सरळ रेषेतील धक्क्याने जिलेटिनची फारशी हानी होत नाही. साचा एकाएकी गर्रकन फिरविला तर मात्र आतले थर एकमेकांवरून सरकतात व पदार्थ ताणला जातो, असे त्यांना आढळले.

घरातील उदाहरण हवे असल्यास डब्यातील खरवस घ्यावा. डबा ताटावरून सरळ पुढे ढकलला तर खरवस जसाच्या तसा राहतो. तोच डबा हिसका देऊन फिरविला तर खरवसाचा बाहेरचा भाग डब्याबरोबर जातो, आतला मागे राहतो आणि कडेला चिरा पडतात. मेंदूचा ऊतक खरवसाइतकाच मऊ आहे. डोके झटक्याने फिरले म्हणजे त्यातील लांबच लांब मज्जातंतू ताणले जातात आणि जागृती टिकवून ठेवणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या केंद्रांचे कार्य क्षणभर विस्कळीत होते. या प्रक्रियेचे सर्व तपशील अद्याप उलगडलेले नाहीत, परंतु डोक्याचे भ्रमण हे तिचे मुख्य कारण आहे, याविषयी आज बहुतेकांचे एकमत आहे.

हनुवटीचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते. जाते फिरविणारी बाई खुंट्याला धरते, कारण खुंटा कडेला असतो. तोच मध्याजवळ बसविला तर दुप्पट-तिप्पट जोर लावावा लागेल. डोके मानेवर ज्या अक्षाभोवती फिरते त्यापासून हनुवटीचे टोक बरेच दूर असते. तेथे बाजूने बसलेला बेताचा ठोसा डोक्याला जेवढे फिरवितो, तेवढे कपाळावर समोरून बसलेला जबर ठोसाही फिरवीत नाही. कपाळावरच्या ठोशाने मारणाऱ्याचीच बोटे मोडण्याचा संभव अधिक!

ठोशाच्या बलाचे मापनही झालेले आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात जड वजनगटाचे मुष्टियोद्धे फ्रँक ब्रुनो यांनी टांगलेल्या लक्ष्यावर ठोसा मारला. त्यांची मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने आली आणि बलाचे शिखर ४,०९६ न्यूटन इतके भरले. चार क्विंटलांहून अधिक वजन क्षणभर अंगावर यावे, तसा हा प्रकार होय. २००५ मध्ये अमेरिकेत सात ऑलिंपिक योद्ध्यांनी मापकयंत्रे बसविलेल्या पुतळ्याच्या जबड्यावर ठोसे मारले, तेव्हा सरासरी बल सुमारे ३,४०० न्यूटन आढळले. या सात जणांत अगदी हलक्या वजनगटाचेही योद्धे होते. यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. शिकलेल्या कोणत्याही मुष्टियोद्ध्याचा नीट बसलेला ठोसा एखाद्याची शुद्ध घालविण्यास पुरेसा असतो. ब्रुनो किंवा फोरमन यांच्याजवळ असते ते गरजेपेक्षा अधिक बल. त्यांचा ठोसा थोडा चुकला, हातावर निसटला, कानशिलाऐवजी गालावर बसला, तरी काम होते. हलक्या हाताच्या योद्ध्याला ही चैन परवडत नाही. त्याचा ठोसा योग्य जागी बसावा लागतो आणि योग्य क्षणी बसावा लागतो.

योग्य क्षण कोणता? येथे मानेचा विचार करावा लागतो. माणसाचे डोके सुमारे पाच किलोग्रॅम वजनाचे असते. न्यूटनच्या नियमानुसार तेच बल लहान वस्तुमानावर लागले तर त्वरण मोठे, मोठ्या वस्तुमानावर लागले तर लहान. ठोसा येताना ज्यास दिसतो, तो मान आखडतो, हनुवटी छातीकडे घेतो, दात आवळतो. यामुळे त्याचे डोके धडाशी काही अंशी जखडले जाते, आणि ठोशाला केवळ पाच किलोंचे डोके नव्हे तर त्यामागील धडही हलवावे लागते. ज्यास ठोसा दिसलाच नाही त्याची मान सैल असते. त्याचे डोके दोरीला टांगलेल्या नारळासारखे एकटेच फिरते. मुष्टियुद्धाच्या शिक्षकांत एक जुना समज आहे की, माणूस जोराच्या ठोशाने पडत नाही, न दिसलेल्या ठोशाने पडतो. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून आलेला हा समज यंत्रशास्त्राशी जुळतो.

परंतु समोरासमोर उभ्या असलेल्या, डोळे उघडे असलेल्या माणसाला ठोसा दिसत नाही हे कसे? उत्तर काळाच्या हिशोबात आहे. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीस अनुसरून हालचाल सुरू करण्यास मनुष्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. सरावाने हा काळ थोडाफार घटतो, पण नाहीसा होत नाही. जवळून मारलेला सरळ ठोसा हनुवटीपर्यंत पोहोचण्यास याच्या निम्माच वेळ घेतो. म्हणजे निघालेला ठोसा पाहून तो चुकविणे कोणासही शक्य नाही. चांगला योद्धा ठोसा चुकवितो तो ठोसा निघण्यापूर्वीच. प्रतिस्पर्ध्याचा खांदा किंचित उचलला, टाच वळली, कंबर फिरू लागली, एवढ्यावरून तो पुढचे ताडतो. त्याचा सर्व बचाव अशा भाकितावर उभा असतो, आणि भाकीत खोटे पाडता येते.

आता कुंबळे यांच्याकडे परत येऊ. १९८७ मध्ये पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या कसोटीपटूंवर एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळपट्टीवर चटई अंथरून तिच्याखाली बारीक अर्धगोल काठ्या दडविल्या. त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू डावीकडे वळेल, उजवीकडे वळेल की सरळ जाईल हे कोणासच सांगता येईना. चित्रफितीवरून मोजता असे दिसले की, टप्पा पडल्यापासून सुमारे एक पंचमांश सेकंदापर्यंत उत्तमातील उत्तम फलंदाजही आपल्या बॅटीची दिशा बदलू शकत नाही. कुंबळे यांचा चेंडू फिरकी गोलंदाजाच्या मानाने वेगवान, ताशी ९० किलोमीटरांच्या आसपास असे. टप्पा पडल्यावर तो सेकंदाला वीस-बावीस मीटर वेगाने निघतो असे धरले आणि टप्पा बॅटीपासून तीन मीटरांवर पडला, तर मधले अंतर तो सुमारे ०.१४ सेकंदात कापतो. एक पंचमांश सेकंद होण्यापूर्वीच सर्व संपलेले असते.

आता त्या अवधीत चेंडू किती वळला पाहिजे? बॅटीची रुंदी नियमाने जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर. फलंदाजाने मधोमध खेळण्यासाठी आणलेल्या बॅटीची कड चुकविण्यास पाच-सहा सेंटिमीटर पुरतात. हातभर वळणारा चेंडू प्रेक्षणीय खरा, पण पुष्कळदा तो बॅट, यष्टी व यष्टिरक्षक या तिघांनाही हुकवून जातो. कुंबळे यांचा चेंडू चार बोटे वळे किंवा मुळीच वळत नसे, आणि वळणार म्हणून बॅट आडवी नेणाऱ्या फलंदाजाच्या पायावर आदळे. पायचीत आणि त्रिफळाचीत बळींचा त्यांच्या यशातील वाटा यामुळेच मोठा आहे. कमी वळण हा ज्यांना त्यांचा दोष वाटला, त्यांनी चेंडू पाहिला, पण फलंदाजाचे घड्याळ पाहिले नाही.

बंगळूरचेच बी. एस. चंद्रशेखर यांचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. बालपणी पोलिओने त्यांचा उजवा हात कृश झाला. क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकण्यासाठी ते डावा हात वापरीत, पण गोलंदाजी करीत ती त्याच कृश उजव्या हाताने. लेगस्पिन व गुगली हे फिरकीचे प्रकार त्यांनी अनपेक्षित वेगाने टाकले. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हल मैदानावर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, तेव्हा त्यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले होते. त्या विजयाने भारताने इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकली. ५८ कसोटींत त्यांचे बळी २४२. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ ही म्हण येथे ओठांवर येते, परंतु ती अर्धीच लागू पडते. चंद्रशेखर यांच्याजवळ कोणती गुप्त युक्ती नव्हती. समोरच्याच्या मज्जासंस्थेला लागणारा वेळ ते त्याला देत नसत.

मुष्टियुद्धात हा वेळ हिरावून घेण्याचे मार्ग अनेक आहेत. पहिला मार्ग हूल देण्याचा. डावा खांदा हलला की डावा ठोसा येतो अशी प्रतिस्पर्ध्याच्या मज्जासंस्थेस तीन-चार फेऱ्या सवय लावायची आणि मग खांदा हलवून ठोसा उजव्या हाताने मारायचा. दुसरा मार्ग जागा बदलण्याचा. लोमाचेंको यांच्या वडिलांनी, जे त्यांचे शिक्षकही होते, लहानपणी त्यांना काही काळ मुष्टियुद्धाऐवजी लोकनृत्य शिकण्यास पाठविले होते, असे सांगतात. पुढे दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविलेला हा योद्धा प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पाऊल टाकून त्याच्या बगलेस जाऊन उभा राही. तेथून मारलेला ठोसा दृष्टीच्या कडेने येतो आणि डोक्याला बाजूने फिरवितो. म्हणजे एकाच पावलात दोन्ही अटी पूर्ण होतात. २०१६ च्या नोव्हेंबरपासून २०१७ च्या डिसेंबरपर्यंत सलग चार प्रतिस्पर्धी त्यांच्यापुढे फेऱ्यांमधील विश्रांतीतच लढत सोडून बसले. निकोलस वॉल्टर्स आणि गिलेर्मो रिगोंडो यांच्यासारखे नामांकित योद्धे त्यांत होते. चौघांपैकी एकालाही बेशुद्ध अवस्थेत उचलून न्यावे लागले नाही. ते थकले होते, गोंधळले होते, आणि पुढचा ठोसा कोठून येईल याचे भाकीत करण्याची आशा त्यांनी सोडली होती.

तिसरा मार्ग प्रतिस्पर्ध्याचाच वेग वापरण्याचा. कोल्हापूरच्या तालमींतील वस्तादांना हे सांगण्याची गरज नाही. गडी पुढे झेपावतो त्या क्षणी त्याच्याच वजनाने त्याला चीत करणारे डाव तेथे शिकविले जातात. मुष्टियुद्धात हिशोब असा होतो. मूठ सेकंदाला ८ मीटर वेगाने येत आहे आणि डोके स्थिर आहे, तर सापेक्ष वेग ८ मीटर. तेच डोके २ मीटर वेगाने मुठीकडे येत असेल तर सापेक्ष वेग १० मीटर. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चौसष्टाच्या जागी शंभर, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ झाली, आणि ती मारणाऱ्याने कोणताही जास्त जोर न लावता झाली. ८ डिसेंबर २०१२ रोजी फिलिपीन्सचे मॅनी पॅकियाओ सहाव्या फेरीच्या अखेरच्या क्षणी मेक्सिकोच्या हुआन मान्वेल मार्केझ यांच्यावर चाल करून गेले, आणि समोरून आलेल्या उजव्या ठोशावर स्वतःच जाऊन आदळले. ते तोंडावर पडले आणि काही काळ हलले नाहीत. याआधीच्या तीन लढतींत मिळून छत्तीस पूर्ण फेऱ्या खेळूनही मार्केझ त्यांना एकदाही पाडू शकले नव्हते.

थकवा हा चौथा मार्ग. याला वेळ लागतो, पण तो खात्रीचा आहे. हलके ठोसे संख्येने अधिक मारता येतात. दमलेल्या माणसाचे हात खाली येतात, मानेचे स्नायू ढिले पडतात आणि प्रतिक्रियेचा वेळ लांबतो. पहिल्या फेरीत ज्या ठोशाने काही झाले नसते, तोच आठव्या फेरीत पुरेसा होतो. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे अली व फोरमन यांच्या लढतीत हेच घडले. तोवर ४० लढतींत अजिंक्य असलेल्या फोरमन यांनी आपले प्रचंड ठोसे अलींच्या आडव्या हातांवर व बरगड्यांवर खर्च केले. दोरांना टेकलेल्या अलींना ते येताना दिसत होते. आठव्या फेरीत दमलेल्या फोरमन यांना अलींच्या झपाट्याच्या ठोशांनी खाली आणले. ताकदीचा साठा कोणाजवळ अधिक होता, याबद्दल वाद नाही.

शुद्ध न हरपता पडण्याचाही एक प्रकार आहे. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. तेथे नेमका बसलेला डाव्या हाताचा ठोसा स्वायत्त मज्जासंस्थेत असा क्षोभ निर्माण करतो की, क्षणभराने पाय आपोआप गळतात आणि श्वास कोंडतो. सप्टेंबर २००४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्स यांच्या अशा ठोशाने ऑस्कर डी ला होया नवव्या फेरीत खाली बसले. डोके पूर्ण शुद्धीवर होते, ते हताशपणे जमिनीवर मुठी आपटीत होते, परंतु दहा अंक होईपर्यंत उठू शकले नाहीत. जागा अचूक सापडली की बेताचे बल येथेही भागते.

येथवरचे विवेचन वाचून एखाद्या विद्यार्थ्यास वाटेल की, हलक्या हाताच्या योद्ध्याचा खेळ हा निर्धोक व सभ्य खेळ आहे. हा गैरसमज राहू देता कामा नये. डोके फिरविणारे बल थोडे असले तरी चालते, हेच तर वर सिद्ध झाले. आणि ज्या ठोशांनी माणूस पडत नाही, तेही मेंदूतील तंतूंना ताणतातच. १९२८ मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे व मंद बुद्धीचे वर्णन प्रथम वैद्यकीय नियतकालिकात केले. १९७३ मध्ये कोर्सेलिस यांनी पंधरा माजी योद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. मेंदूच्या मध्यपटलात फाटी पडलेल्या आणि तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कातील पेशी नष्ट झालेल्या त्यांना आढळल्या. मुहम्मद अली यांना १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजारात मुष्टियुद्धाचा वाटा किती, यावर वैद्यकांत मतभेद आहेत. दोरांना टेकून फोरमन यांचे ठोसे झेलणारे अली पाहताना टाळ्या वाजविणाऱ्यांनी त्या वाट्याचा विचार केला नसेल, हे मात्र खरे.

शिरस्त्राणाने हा प्रश्न सुटत नाही. त्याने त्वचा फाटत नाही, सूज कमी येते, परंतु डोक्याचे फिरणे थांबत नाही. उलट डोक्याचा आकार वाढल्याने बाजूचा ठोसा बसण्यास जागा अधिक मिळते, असाही आक्षेप घेतला जातो. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये पुरुषांच्या हौशी स्पर्धांतून ते काढून टाकले. मानेच्या स्नायूंचा व्यायाम, सरावातील लढतींची संख्या कमी ठेवणे आणि लढत वेळेवर थांबविणारा पंच, हे उपाय अधिक उपयोगाचे आहेत.

हौशी मुष्टियुद्धाच्या वैद्यकीय नियमांत याचे प्रतिबिंब पडले आहे. डोक्यावरील ठोशांमुळे ज्याची लढत थांबली, त्या योद्ध्यास किमान तीस दिवस स्पर्धेत उतरता येत नाही आणि सरावातील लढतही खेळता येत नाही. शुद्ध हरपली असल्यास ही मुदत वाढते, थोड्या काळात पुन्हा तसे झाल्यास आणखी वाढते, आणि परतण्यापूर्वी वैद्यकाची तपासणी करून घ्यावी लागते. ठोसा जोराचा होता की हलका, हे या नियमात कोठेही विचारलेले नाही.